उरलेलं काम दीदीच्या नावावर

नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी गेली नऊ वर्षं दुसऱ्यांची कामं सरकवते. म्हणजे काम ते करतात, मी फक्त ते कुठपर्यंत आलं हे पडद्यावर दाखवते. पडद्यावरच्या या बोर्डाला चार रकाने असतात: करायचंय, चालू आहे, तपासणीत, झालं. प्रत्येक कामाचं एक छोटं कार्ड असतं आणि त्याला ‘यूजर स्टोरी’ म्हणतात. त्यात गोष्ट वगैरे काही नसते. ‘एक ग्राहक म्हणून मला माझी जुनी पावती बघता यावी.’ संपली गोष्ट. कार्डावर ज्याचं नाव, त्याचं ते काम. मी ते कार्ड डावीकडून उजवीकडे ढकलते आणि आपण पुढे चाललोय असं वरच्यांना सांगते. तू ऑफिसात नक्की काय करतेस असं कुणी विचारलं, की मला उत्तर देण्याआधीच दमायला होतं.

दर दोन आठवड्यांच्या कामाला आमच्यात स्प्रिंट म्हणतात. धावताना कुणी दिसत नाही, सगळे बसलेले असतात. स्प्रिंट शुक्रवारी सकाळी दहाला संपतो आणि तेव्हाच उरलेल्या कामाचा एक आलेख साहेबांकडे जातो, तिथून ग्राहकाकडे. त्यातली रेघ जिना उतरल्यासारखी खाली येत शून्यावर टेकली पाहिजे. एक जरी कार्ड अर्धवट राहिलं तरी रेघ अधांतरी लटकते आणि मग मला अर्धा दिवस खुलासे करत बसावं लागतं. खुलासे करायचा मला मनापासून वीट आला आहे. पहिली दोन-तीन वर्षं मी ते हौसेने करायचे, हे आता मलाच खरं वाटत नाही.

म्हणून मी एक सोय करून घेतली होती. कोड लिहिणारी मंडळी आपलं काम गुरुवारी संध्याकाळी आणून टाकायची, तेव्हा तपासायला वेळच उरलेला नसायचा. मग शुक्रवारी सकाळी मी त्या कार्डाचे दोन तुकडे करायची. लिहून झालेला तुकडा लिहिणाऱ्याच्या नावावर ‘झालं’मध्ये टाकायचा. उरलेल्याचं ‘तपासणी बाकी’ असं नवं कार्ड करायचं आणि ते पुढच्या स्प्रिंटमध्ये, तपासणाऱ्या बाईंच्या नावावर चढवायचं. नवं कार्ड ही जुन्याची नक्कल असल्यामुळे त्यावर सुरुवातीची तारीखही जुनीच यायची. ती तारीख मला दिसत होती. पण ती कुणी बघत नव्हतं, आणि रेघ शून्यावर टेकत होती.

तपासणाऱ्या बाई म्हणजे आमच्या दीदी. वय बावन्न, राहायला करोल बागेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना दीदीच म्हणायचे. मी द्वारकेहून मेट्रो पकडते. आमचं स्टेशन लाइनच्या सुरुवातीचं, त्यामुळे बायकांच्या डब्यात मला बसायला मिळतं. करोल बागेला दीदी चढायच्या तेव्हा डबा खच्चून भरलेला असायचा. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. म्हणून मी उठायची आणि माझी जागा त्यांना द्यायची. सहा वर्षं हा नेम चुकला नाही. त्या बसायच्या, माझी पर्स आपल्या मांडीवर घ्यायच्या आणि गाडी सुटली की आवळ्याच्या कँडीचा एक तुकडा गुपचूप माझ्या हातावर ठेवायच्या, कारण मेट्रोत खायला बंदी. ऑफिसात चारचौघांत त्या मला आप म्हणायच्या, मेट्रोत तुम. या जागा देण्याचं मला फार कौतुक होतं, माझं स्वतःचं. आपण अगदीच काही वाईट नाही असं वाटायला दिवसातून एवढं एक कारण पुरायचं.

शुक्रवारी मी एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने फोनवर कार्डांची वाटणी करायची, कारण ऑफिसला पोचून दहाच्या आत ते उरकायचं नाही. दीदी खालून मान वर करून विचारायच्या, “सुबह-सुबह क्या करती रहती हो फोन में? आँखें ख़राब हो जाएँगी।”

“कुछ नहीं दीदी, बोर्ड साफ़ कर रही हूँ।”

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे नवे साहेब आले. चांगले होते, आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी कार्डांच्या सॉफ्टवेअरमधून एक अहवाल काढला: कुणाच्या नावावरचं कार्ड सरासरी किती दिवसांत संपतं. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. सगळ्यांची पट्टी आखूड होती, दीदींची लांबलचक.

“इनका हर कार्ड तीन-तीन हफ़्ते चलता है,” ते म्हणाले. “टीम में से एक को कम करना ही है। आप लीड हैं। आप हाँ कहें तो इनका नाम आगे भेज दूँ।”

मला त्या पट्टीतलं एकेक कार्ड ओळखू येत होतं. दीदी काम हातात आल्यापासून दोन दिवसांत संपवायच्या, कधी एका दिवसात. बाकीचे दिवस मी त्यांच्या नावावर चढवलेले होते. हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “सर, मंडे तक बताती हूँ।” आणि मूग गिळून जागेवर जाऊन बसले. माझ्या खुर्चीच्या मागेच दीदी चष्मा लावून काहीतरी तपासत होत्या. बावन्नाव्या वर्षी, आजारी नवरा घरात असताना, त्यांना दुसरी नोकरी कोण देणार होतं? मला हे सगळं कळत होतं. लाजही वाटत होती. पण खरं सांगायचं तर भीती जास्त वाटत होती, कारण दीदींचं नाव यादीतून निघालं तर तिथे माझं लागणार असं मी धरून चालले होते.

शनिवारी नवऱ्याला सांगितलं. तो केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याचा सगळा जन्म फायलींत गेलेला.

“अच्छा, पण तुमच्यात नोटिंग नसतं का गं? कुणी, कधी, काय केलं?” तो म्हणाला. “आमच्याकडे पानापानावर सही असते.”

“असतं ना. प्रत्येक कार्डाच्या मागे हिस्ट्री असते. पुसता येत नाही.”

“मग प्रॉब्लेम काय आहे यार? दाखव आणि मोकळी हो.”

“अरे, तिथे सगळीकडे माझंच नाव आहे.”

त्याने उठून चहाचं आधण ठेवलं, आणि साखर किती हे इतक्या वर्षांनी पहिल्यांदा विचारलं.

सोमवारी मेट्रोत मी नेहमीप्रमाणे उठले, दीदी बसल्या, कँडी मिळाली. पंचावन्न मिनिटं त्या माझ्यासमोर होत्या आणि मी त्यांना एक अक्षर बोलले नाही. ऑफिसात मात्र थेट साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब चिडले नाहीत. त्यांनाही बहुधा सोपंच उत्तर हवं होतं. “ठीक है, हिस्ट्री निकालकर मेल कर दीजिए,” ते म्हणाले, “और उनको भी कॉपी में रखिए, उनका मामला है।”

मेल करायला दुपार गेली. वर्षभराच्या नोंदी एकाखाली एक लागल्या: कार्ड, कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर, कुणी केलं, केव्हा केलं. ‘कुणी’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मीच. पाठवलं. संध्याकाळपर्यंत दीदींचं नाव बाजूला झालं. कमी कुणालाच केलं नाही, तो विषयच पुढे ढकलला गेला. मलाही कुणी काही म्हटलं नाही. इतकी घाबरले ती उगाचच, असं वाटून मला जरा हलकंही वाटलं.

निघायच्या आधी पँट्रीत दीदी भेटल्या. कप धुऊन झाला होता, तरी नळाखाली धरून उभ्या होत्या.

“नौकरी बच गई मेरी,” त्या म्हणाल्या. “सर ने बताया, तुमने ख़ुद जाकर कहा। थैंक यू।”

“दीदी, सॉरी। मुझे पहले...”

“एक बात पूछूँ?” त्यांनी नळ बंद केला आणि फोन काढला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. “इसमें टाइम भी लिखा है। आठ चालीस। आठ तैंतालीस। आठ पचास। सब सुबह का।”

मी ती मेल चार वेळा वाचून पाठवली होती. वेळेच्या रकान्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

“उस टाइम तो मैं तुम्हारे सामने बैठी होती हूँ,” दीदी म्हणाल्या. “तुम्हारी सीट पर।”

“हाँ दीदी।”

“तुम्हारा पर्स पकड़कर।”

त्यांनी कप पालथा घातला, हात पुसले आणि निघून गेल्या. त्या संध्याकाळी आम्ही एका गाडीने गेलो नाही.

मला वाटलं होतं, आता त्या दुसऱ्या डब्यात चढतील. पण दुसऱ्या दिवशी करोल बागेला त्या नेहमीच्याच दारातून आत आल्या, कारण जिना तिथून जवळ पडतो. मी उठून उभी राहिले.

“नहीं, आप बैठिए,” त्या म्हणाल्या.

“दीदी, घुटने...”

“आप बैठिए।”

मागून गर्दीचा लोंढा आला, त्याने मला परत खाली बसवलं. दीदींनी दांडा धरला. राजीव चौकाला गर्दी वाढली, मंडी हाउसला थोडी हलली, यमुनेच्या पुलावर गाडी संथ झाली. प्रत्येक स्टेशनला ब्रेक लागला की त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायच्या आणि ओठ मिटून घ्यायच्या. नोएडा येईपर्यंत त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. मी बसले होते, पर्स माझी मीच मांडीवर धरून.