मी फेकलेलं औषध

आमच्या शाळेत परिपाठानंतर मुलांकडून तंबाखूमुक्तीची शपथ मीच म्हणवून घ्यायचे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, म्हणून पिवळी रेघ मारायची ठरली, तेव्हा टेप धरून उन्हात मीच उभी होते. आणि माझे मिस्टर धुळ्यात आमच्याच कोपऱ्यावरच्या टपरीपाशी कंपनीच्या बसची वाट बघत रोज सकाळी दोन सिगारेटी ओढायचे. नरडाण्याच्या कारखान्यात शिरण्याआधी तिसरी.

माणसानं ठरवलं की सुटतं, असं मला वाटायचं. माझ्या वडिलांनी जामनेरला एका दिवसात तंबाखू सोडली होती, ते मी ह्यांना किती वेळा ऐकवलं असेल, मोजता येणार नाही. ह्यांनीही तीनदा ठरवून सोडली. तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत परत सुरू. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "तुमच्यात दमच नाही." ते जेवण अर्धं टाकून उठले.

पुढे काही महिन्यांनी त्यांच्या कपड्यांचा वास गेला. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. मग एका रविवारी पँट धुवायला घेतली, तर खिशात च्युइंगमची पट्टी. तिच्यावर निकोटीन असं लिहिलेलं. मी ती घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

"हे काय?"

"औषध आहे. इथल्याच एका डॉक्टरांनी दिलंय. तलफ आली की हळूहळू चावायचं, मग गालात धरून ठेवायचं. पाच आठवडे झाले, एकही ओढली नाही."

"अहो, यात निकोटीन आहे. एक व्यसन सोडून दुसरं धरलंत."

"तसं नसतं ते. यात धूर नाही. आणि हेही कमी कमी करत तीन महिन्यांत बंद करायचंय."

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या शिंदखेड्याकडच्या. त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "इडी सोडाले गोयी कसाले लागस? मन घट्ट पाहिजे." म्हणजे, विडी सोडायला गोळी कशाला लागते?

मला तेवढा पाठिंबा पुरला. ती पट्टी आणि कपाटातलं उरलेलं पाकीट, दोन्ही मी ओल्या कचऱ्यात टाकलं. पाच आठवडे एकही ओढली नाही, हे मी नीट ऐकलं होतं. ऐकूनही टाकलं.

बारा-तेरा दिवसांनी शर्टाला पुन्हा वास आला. त्या वेळी मी भांडले नाही. आपलं म्हणणं खरं ठरलं, याचं एक वाईट समाधान मला होतं.

वर्षभरानं कारखान्यातच त्यांच्या छातीत कळ आली. सोबतच्या लोकांनी धुळ्याला आणलं, तिथे जागा मिळेना, म्हणून जळगावला नेलं. अँजिओप्लास्टी होईपर्यंत बराच वेळ गेला होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई तपासायला आल्या. "आधी कधी सोडायचा प्रयत्न केला होता?" त्यांनी विचारलं.

"हो. च्युइंगम घेत होतो. पाच आठवडे बंद होती."

"मग औषध का थांबवलं?"

मी मोसंबीच्या रसाचा पेला धरून पलंगाच्या कडेला उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कंटाळा केला मॅडम," म्हणाले.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "पुष्कळ लोक असंच अर्ध्यावर सोडतात. मेंदूलाच सवय लागलेली असते. नुसत्या निश्चयानं प्रत्येकाची जात नाही. औषध हवं, आणि धीर देणारं माणूसही हवं. आता तुम्ही लक्ष ठेवा."

मी मान हलवली. खरं सांगायची जागा तीच होती, पण तोंड उघडलं नाही.

या वेळी डॉक्टरबाईंनी सिगारेट सुटण्यासाठी गोळ्या दिल्या. पहिल्या आठवड्यात ह्यांना सारखं मळमळायचं. सकाळी चहा घेताना चित्रविचित्र स्वप्नं सांगायचे. चिडचिड इतकी, की भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं. मी गोळीची वेळ झाली की पाणी आणून समोर ठेवायचे.

दुसऱ्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाहून आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "आज एक ओढली."

दमच नाही, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी आत जाऊन दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एकदा घसरले म्हणजे संपलं नाही. गोळ्या चालू ठेवा, उद्या त्यांना बोलायला घेऊन या." आम्ही गेलो. गोळ्यांचा कोर्स ह्यांनी पूर्ण केला. त्याला आता सव्वा वर्ष झालं. मधे एकही नाही.

मागच्या तपासणीहून परतताना पारोळ्याजवळ चहाला थांबलो. तिथे मी एकदाचं बोलले. "ते पाकीट मी टाकलं नसतं तर..."

"मी दुसरं आणू शकलो असतो ना," ते म्हणाले. "मलाही तेव्हा कारणच हवं होतं."

हे खरं आहे की माझ्यासाठी म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. पुन्हा विचारायचा धीर होत नाही.

हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला आहे. कारखान्यात त्यांना आता बसून करायचं काम दिलंय. घराचा जिना चढताना ते मध्येच थांबतात. मी तीन-चार पायऱ्या वर असते. मागे वळून बघितलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मी नुसती थांबते.