बाकाचा आवाज

रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तेवीस वर्षं त्या एकाच खिडकीत होत्या. नाव, वय, तक्रार, पुढचा. लोक खिडकीतून अर्धे आत घुसून ओरडायचे, "अहो, अजून किती वेळ?" बाई शांतपणे म्हणायच्या, "तुमच्या आधी सात जण आहेत. बाकावर बसा." देवाने आपल्याला लोकांच्या दुखण्याच्या दाराशी बसवलंय, इथे आपण आवाज चढवायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

त्याच बाई एका सोमवारी भर दुपारी एका स्टुडिओच्या दारात उभ्या राहून सगळी गल्ली गोळा होईल अशा आवाजात विचारत होत्या, "माझं बाक कुठंय?"

हे बाक म्हणजे त्यांच्या खिडकीसमोरचं. लाकडी, लांबलचक, सहा जणांचं, बसायचे नऊ. मधली फळी सैल झालेली, म्हणून ते बोलायचं. कोण बसलं ते बाईंना मान वर न करता कळायचं. अंगाने दणकट माणूस टेकला की एकच जाड 'कर्र'. पाय हलवणारं पोर असलं की कुई, कुई, कुई, थांबायचं नाव नाही. तपासणीचा निकाल ऐकायला आलेला माणूस अगदी टोकावर बसतो. तेव्हा फळी नुसता सुस्कारा टाकायची. आणि रोज दीडच्या सुमाराला डबा घेऊन सासूबाई यायच्या. गुडघ्यांमुळे त्या दोन टप्प्यांत बसत. आधी अर्ध्या, मग "अगं आई गं", मग उरलेल्या. बाकही दोनदा बोलायचं.

बाईंचे वडील फिरत्या नाटक कंपनीत अकॉर्डियन वाजवायचे. लग्नानंतर ते अकॉर्डियन बाईंबरोबर सासरी आलं आणि संध्याकाळची भांडी घासून झाली की तासभर वाजायचं. एकदा खिडकीत बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, चाळीस वर्षं सगळं गाव ह्याच्यावर बसतंय, पण हे कधी बसणार?

झालं. त्यातून एक गाणं निघालं, त्याला दुसरं चिकटलं, आणि पावणेदोन वर्षांत नऊ गाण्यांची एक अख्खी गोष्ट झाली. बाकाला बसायचंय. शिपायाचा डोळा लागलेला पाहून ते चार पायांनी दाराबाहेर पडतं. रस्त्यात थांबलं की लोकांना वाटतं बसथांबा आहे, लगेच येऊन बसतात. शाळेत गेलं तर हेडमास्तर त्याला वर्गाबाहेर उभं करतात. न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची त्याच्यापुढे तोरा मिरवते. शेवटच्या गाण्यात एक म्हातारी त्याच्यावरून उठते आणि म्हणते, "आता तू बस हो. मी राहते उभी." त्यावर बाक उत्तर देतं आणि गोष्ट संपते.

या गोष्टीत सगळे गातात, बोलतात. खुर्चीसुद्धा. बाकाला मात्र एकही शब्द नाही. ते फक्त कुरकुरतं. आखूड कुरकुर म्हणजे हो, लांब म्हणजे नको, आणि दोन टप्प्यांतली म्हणजे समाधान. गोष्टीचा नायक मुका आहे, पण त्याला आवाज आहे. ही बाईंची सगळी युक्ती होती.

त्यासाठी चार रविवार त्या रुग्णालयात गेल्या. रविवारी तपासणी बंद असते, तिथे कुत्रंसुद्धा नसतं. नवऱ्याला सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याने झाडूच्या दांड्याला चिमटा बांधून माइकचा स्टँड करून दिला आणि मित्राकडून आवाज टिपायचं यंत्र मागून आणलं. सासूबाई कधी मधे, कधी टोकावर, कधी पोरासारखे पाय हलवत, अशा एकतीस वेळा बसल्या आणि एकतीस वेळा उठल्या.

"पुन्हा?" त्या विचारायच्या.

"आई, मधे 'अगं आई गं' नको होतं."

"ते मी म्हणत नाही, गुडघा म्हणतो. त्याला सांग."

गाणी घरी, कपड्यांच्या कपाटात रजया टांगून ध्वनिमुद्रित झाली. नणंदेने विचारलं, "पिक्चरमध्ये येणार का?" कार्यालयातले साहेब म्हणाले, "छान छंद आहे हो तुमचा." छंद! माणूस पावणेदोन वर्षं रोज एका ओळीवर झोपतो आणि त्याच ओळीवर उठतो, त्याला छंद म्हणायचं. साहेबांच्या कॅरमला मात्र सगळं कार्यालय स्पर्धा म्हणतं.

पाचव्या रविवारच्या आतच रुग्णालयाने बाक हलवलं. त्याच्या जागी लोखंडी खुर्च्या आल्या. प्रत्येकीला मधे दांडा, म्हणजे ताप चढलेल्या माणसाला आडवंही होता येऊ नये. बाईंनी बाक विकत मागितलं. त्यांना अर्ज करायला सांगितलं. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं तोवर बाकाचं सरपण होऊन गेलं होतं. त्या दिवशीही बाई रागावल्या नाहीत. देवाची कृपा, आवाज तरी आपल्याकडे आहे, असं म्हणून पुढचा केसपेपर लिहायला घेतला.

आणि मग तो आवाज त्यांनी आपल्या हाताने, यंत्रातल्या कार्डासकट, स्टुडिओवाल्याला दिला. गाणी आणि कुरकुर घरीच जमेल तशी एकत्र केलेली होती, ती नीट करून द्यायचं काम त्याचं होतं. माणूस वाईट नव्हता. कामाचा होता, टापटिपीचा होता. त्याच्या स्टुडिओत बाहेर चपला काढून जावं लागे. बाईंनी त्याला गाणी दिली, ओळी लिहून दिल्या, पण बाक हा नायक आहे हे काही सांगितलं नाही. ऐकल्यावर कळणार नाही का, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी त्याने काम पूर्ण करून पाठवलं. स्वयंपाकघरात ओट्यावर छोटा स्पीकर ठेवला, नवरा दाराला टेकला, सासूबाई पाटावरून हलेनात. पहिलं गाणं सुरू झालं. अकॉर्डियन असं लखलखीत, जणू आजच घडवलंय. बाईंचा गळाही काचेसारखा. मग ती जागा आली जिथे बाक पहिल्यांदा बोलतं.

काहीच नाही.

दुसऱ्या गाण्यातही नाही. चौथ्यात न्हाव्याची खुर्ची खोचकपणे विचारते, "तुला फिरता येतं का रे?" आणि उत्तरच नाही, म्हणून ती एकटीच वेड्यासारखी हसत सुटते. नवव्यात म्हातारी म्हणते, "आता तू बस हो. मी राहते उभी." आणि त्यानंतर रिकामी, स्वच्छ, धुऊन काढलेली शांतता.

सासूबाईंनी विचारलं, "मी कुठं बसले?"

बाईंनी फोन लावला. पलीकडून आनंदी आवाज आला, "ऐकलंत ना ताई? केवढा कचरा होता हो मागे! करकर, कुईकुई. सगळा काढून टाकला. तीन दिवस लागले."

"आणि कार्डावरचं?"

"ते पुसून दुसऱ्या कामाला घेतलं. कच्चा माल मी ठेवत नाही, जागा अडते."

बाईंनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी पोळ्या लाटल्या त्या सगळ्या कडेने फाटल्या.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते. एकतीस वेळा बसलेय मी. मला कचरा म्हणाला तो." दोघी चपला न काढता आत शिरल्या.

"माझं बाक कुठंय?"

"कसलं बाक, ताई?"

"ज्याची गोष्ट आहे ते! नऊ गाणी ऐकलीत ना तुम्ही? त्यात कोण घर सोडतं? कोण रस्त्याने चालतं? शब्द वाचलेत का एकदा तरी?"

"शब्द म्हणजे... मी आवाजाचा माणूस, ताई. आवाज स्वच्छ करणं माझं काम."

"स्वच्छ!" बाई टेबलावर वाकल्या. तेवीस वर्षं लोक त्यांच्या खिडकीत जसे वाकायचे, तशाच. "माझ्याकडे रोज दोनशे माणसं येतात. खोकतात, कण्हतात, कुरकुरतात. मी त्यांना काढून टाकायचं का? कागद स्वच्छ दिसेल म्हणून? तुम्ही विचारायचं तरी होतं मला! एक फोन! 'बाई, हे काय आहे, ठेवू की काढू?' एवढं विचारायला तुमची काय जीभ झिजली असती?"

"अहो, सगळे काढायलाच सांगतात..."

"मी सांगितलं होतं का?"

तो खुर्चीतून उठून उभा राहिला. सासूबाई इकडेतिकडे बघून त्याच्याच फिरत्या खुर्चीकडे वळल्या. आधी अर्ध्या, मग "अगं आई गं", मग उरलेल्या. खुर्चीतून एक बारीक आवाजसुद्धा आला नाही. "हीपण धुतलेली दिसतेय," त्या म्हणाल्या.

तो कान खाजवत म्हणाला, "ताई, एक आहे. मी किती काढलं ते गिऱ्हाइकाला दाखवायला लागतं, नाहीतर लोकांना वाटतं काहीच केलं नाही. म्हणून काढलेला आवाज वेगळा ठेवतो. एकत्र, एकाच फायलीत. पण तो नुसता..."

"कचरा," सासूबाई म्हणाल्या. "लाव."

त्याने लावलं. गाणी नव्हती, अकॉर्डियन नव्हतं, शब्द नव्हते. फक्त बाक. हो, नको, नको. मग एक लांब सुस्कारा, टोकावर बसलेल्या माणसाचा असतो तसा. मधेच कपाटाबाहेर नवऱ्याचं शिंकणं, रजईची सळसळ, बाईंनी गाण्याआधी घेतलेला श्वास. मग कुई, कुई, कुई. सरपण होऊन गेलेली ती फळी त्या बंद खोलीत ओळखीच्या माणसासारखी बोलत होती. बाईंनी हात जोडले नाहीत, पण ओठ हलले.

शेवटी दोन टप्प्यांतला आवाज आला आणि मधे, अगदी स्पष्ट, "अगं आई गं".

"गुडघा," सासूबाई म्हणाल्या.

स्टुडिओवाला हळूच म्हणाला, "हे... म्हणजे हेच उत्तर होतं का? त्या म्हातारीला?"

"आत्ता कळलं?"

"ठेवायचं कुठं कुठं ते सांगा. मी बसवतो. पण ताई, नाव माझं असतं खाली. ध्वनिशुद्धी म्हणून. लोक ऐकतील आणि म्हणतील, ह्याला साधी कुरकुर काढता आली नाही."

"मग नाव घालू नका. नाहीतर सरळ लिहा, काढलं होतं, बाईंनी परत घालायला लावलं." त्यांनी पिशवीतून वही काढली. कुठल्या ओळीनंतर कुठली कुरकुर, आखूड की लांब, सगळं केसपेपरासारखं ओळीने लिहिलेलं. "आणि तो मधला गुडघा काढायचा नाही. आधी मलाच नको होता. आता हवाय."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "दोन वाजलेत. तुम्ही जेवून या ना, मी तोवर..."

"डबा आहे," सासूबाई पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या. त्याची खुर्ची त्यांनी सोडली नाही. "तू उभ्याने कर. पहिल्या गाण्यापासून."