वरच्याचा दम

सहादूला पोहता येत असे, पण खोल बुडी त्याला कधी जमली नाही. कान दुखत. म्हणून तो वर बसे आणि भिमाजी खाली जाई. राहुरीच्या उत्तरेला, प्रवरेच्या अलीकडच्या पट्ट्यात, ज्यांच्या विहिरींवर इंजिने बसली होती त्या सगळ्यांना ही जोडी माहीत होती. पाइपच्या टोकाला पाण्यात एक झडप असते, तिला तिकडे फुटबॉल म्हणतात. ती गाळात रुतली की इंजिन नुसते धडधडत राहते, पाणी येत नाही. मग कोणीतरी सायकलवर निरोप घेऊन येई. कधी घागर काढायची असे, कधी बादली, क्वचित माणूस. माणसाबद्दल ते दोघे नंतर बोलत नसत.

दोर केकताडाचा, म्हणजे घायपाताच्या वाखाचा होता. तो सहादूच्या घरी, खुंटीला असे. एक टोक भिमाजीच्या कमरेला, दुसरे सहादूच्या मनगटाला. खालून दोन हिसके आले की ओढायचे. पण खाली अडकलेल्या माणसाला हिसका द्यायचे भान राहीलच असे नाही. त्यासाठी दोघांचा एक नियम होता. भिमाजीचे डोके पाण्याखाली गेले की सहादूनेही श्वास कोंडायचा, आणि स्वतःचा दम संपला की दुसरा श्वास घेण्याआधी दोर ओढायचा. भिमाजीचा दम मोठा होता, सहादूचा त्याहून बराच लहान. म्हणूनच जोडी जमली होती. वरचा मोठ्या दमाचा असला तर तो निवांत बसतो आणि खालचा मरतो, असे भिमाजी म्हणे.

एकदा उत्तमराव पाटलांनी, त्यांच्याच विहिरीवर, आपले मनगटी घड्याळ काढून पुढे केले. "हे घे सहादू. त्या काट्याकडं बघत बस. उगा गाल फुगवतोस."

"नगं पाटील," भिमाजी पाण्यातूनच म्हणाला. "घड्याळ गुदमरत न्हाई."

एकाहत्तरच्या हिवाळ्यात सहादूला खोकला लागला आणि तो गेला नाही. दम आखडत गेला. भिमाजीचा हात झडपेपाशी पोचतो न पोचतो तोच वरून ओढ येई. तो वर येऊन थुंके आणि काही न बोलता पुन्हा बुडी मारी. काठावरचे लोक मात्र बोलत.

"सहादू, मासा लागल्यावानी वढतोस का रं?"

"त्याला भिमाजीबिगर करमत न्हाई."

सहादू घरी सराव करू लागला. भाकरी समोर ठेवून तो गाल फुगवून बसे.

"भाकरी गार झाली," त्याची बायको रंगुबाई म्हणाली. "देवाला निवेद दावल्यावानी काय बसलाय? जेवा की."

सरावाने दम वाढला नाही. संक्रांतीच्या सुमाराला एका विहिरीवर त्याने तोंड वळवून चोरून एक श्वास घेतला आणि मग ओढले. झडप सुटली होती. वर आल्यावर भिमाजी म्हणाला, "आता जमलं." त्यानंतर सहादू रोजच चोरू लागला. एकच श्वास. त्याने त्याचाही एक नियम करून टाकला होता.

चैत्रात उत्तमरावांच्या विहिरीवर काम निघाले. विहीर जुनी, बांधीव, खोल. भिमाजी खाली गेला. सहादूने श्वास कोंडला, सोडला, चोरून दुसरा घेतला, आणि त्याला खोकला आला. खोकल्यात किती हवा आत गेली आणि किती बाहेर आली ते त्याला समजेना. हा श्वास धरायचा की नाही, ते ठरेना. खोकला थांबू दे, मग नीट कोंडून ओढू, असे त्याला वाटले. ते त्याला बरोबर वाटले होते.

ओढले तेव्हा दोर ताणला गेला, पण आला नाही. उत्तमराव आणि त्यांचा गडी धावले, तेही ओढू लागले. दोर पाइपाला वेढा घालून गेला होता; जितके ओढावे तितका तो आवळत होता. सहादूने मनगट सैल सोडले.

"ढील द्या," तो म्हणाला. "सोडा."

तो विहिरीच्या काठाने पलीकडे गेला, तिथून दोर फिरवला आणि ओढला. भिमाजी आला. पायरीवर त्याला पालथे घातले. तोंडातून पाणी गेले, मग बराच वेळ नुसत्याच ओकाऱ्या येत राहिल्या.

उठून बसल्यावर त्याने विचारले, "किती श्वास घेतलेस?"

"अरे, दोर अडकला," उत्तमराव म्हणाले. "त्याचा काय दोष?"

हेही खरेच होते. सहादूला तेवढ्यावर सुटता आले असते.

"नेमाचा येक," तो म्हणाला. "मग चोरून येक. मग खोकल्यात किती गेले, ठावं न्हाई."

"कवापासनं?"

"संक्रांतीपासनं."

भिमाजीने कमरेची गाठ सोडली. दोराचे भेंडोळे केले आणि त्या दिवशी तो स्वतःच्या घरी घेऊन गेला.

सहादू खुरपणीला जाऊ लागला. भिमाजीने मेव्हण्याला, आसारामला, वर बसवल्याचे त्याच्या कानावर आले. आसाराम तालमीतला, छाती रुंद. रिकाम्या खुंटीला रंगुबाईने कंदील अडकवला.

काही दिवसांनी भिमाजी दोर घेऊन आला. बसला. रंगुबाईने पाणी दिले.

"आसाराम?" सहादूने विचारले.

"मी आपणहून वर आलो, धापा टाकीत. बघतो तर ह्याचे गाल फुगलेलेच. शेंगा खात बसल्यावानी बसला हुता." त्याने कंदील काढून खाली ठेवला आणि दोर खुंटीला लावला. "तुजा हाय तेवढाच दम. चोरी न्हाई."

"लई थोडा उरलाय."

"मग मी घाई करीन."

एका बुडीचे काम आता अनेक बुड्यांत होऊ लागले. लोक कुरकुरले. काहींनी श्रीरामपूरकडचे दुसरे लोक बोलावले. खोल विहिरींना भिमाजी स्वतःच नाही म्हणू लागला, विचारले तर म्हणे, "आमचा दम तेवढा न्हाई."

त्या वर्षी पाऊस आला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात उत्तमरावांची विहीर तळाला गेली. झडप उरलेल्या पाण्याच्या गाळात रुतली होती, आणि पाणी मांडीपर्यंत होते. भिमाजीने पायरीवर उभे राहून कमर पुढे केली. सहादूने गाठ मारली.

"यात कोंबडीबी बुडायची न्हाई," उत्तमराव म्हणाले.

भिमाजी खाली उतरून वाकला. झडपेपर्यंत हात पोचायला तोंड पाण्यात घालावे लागत होते. त्याचे तोंड बुडाले तसे सहादूने गाल फुगवले. लगेच दोर ओढला गेला. भिमाजी सरळ झाला. हात गाळाने भरलेले, हनुवटीवरून पाणी गळत होते. वर खोकला चालू होता. तो थांबेपर्यंत भिमाजी तसाच उभा राहिला, आणि मग पुन्हा वाकला.