साडूंचा आवाज

आमच्या साडूंइतक्या वेळा मेलेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा सापडायचा नाही. ते गोळी लागून मेले, सुरा लागून मेले, ट्रकखाली मेले, गुऱ्हाळाच्या उकळत्या काहिलीत पडून मेले, आणि एकदा तर नायकाने नुसती कानाखाली वाजवली, तेवढ्यानेच मेले. सिनेमात गुंडांची टोळी दिसली की तिच्यातला सगळ्यात आडदांड, तांबारलेल्या डोळ्यांचा, गालावर व्रण असलेला गडी म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव मुरुड, जिल्हा लातूर. गालावरचा व्रण लहानपणी सीताफळाच्या झाडावरून पडल्याचा आहे. पण मुंबईच्या लोकांना तो कुठल्याशा टोळीयुद्धातला वाटतो आणि त्या व्रणावरच साडूंचा संसार चाललाय. या माणसाबद्दल लिहायला बसलो की मला आधी राग येतो. लिहिता लिहिता तो ओसरेल असं पूर्वी वाटायचं. तसं काही होत नाही.

राग यायला सुरुवात त्यांच्या स्वभावापासूनच होते. इतका पापभिरू गुंड देवाने घडवला तरी कशाला? भिंतीवर पाल दिसली की हे पलंगावर. लातूरच्या बाजारात भाजीवाल्या यांचा चेहरा बघून आपणहून भाव उतरवतात, आणि हे ओशाळून पहिल्याच भावाने मेथी घेऊन घरी येतात. अर्धापूरला माझ्या चुलतभावाची केळीची बाग आहे. शेजारी दरवर्षी बांध कोरत कोरत आत येत होता. भावाला वाटलं, साडूंना बांधावर नुसतं उभं केलं तरी काम होईल. मी त्यांना काळा शर्ट घालायला लावला, काळा गॉगल चढवला आणि जीपमधून नेलं. वाटेत बजावलं, "तुम्ही बोलायचं काही नाही. फक्त बघायचं." साडू उतरले, बघितलं, आणि शेजाऱ्याच्या हातातलं खुरपं खाली पडलं. त्याबरोबर साडूंनी गॉगल काढला. "घाबरू नका हो. मी सिनेमातला गुंड हाय, खरा न्हाई." मग चहा झाला. शेजाऱ्याच्या पोरीचं लग्न जमत नाही असं कळलं, तेव्हा साडूंनी मुरुडकडचं एक स्थळही सुचवलं. परतताना जीपमध्ये केळीचा घड होता आणि बांध होता तिथेच होता. नांदेड येईपर्यंत मी त्या घडाकडे बघितलंही नाही. साडू म्हणाले, "केळी लई गोड हायत साडूभाऊ. खाऊन तर बघा."

कामावर मात्र या गड्याची निष्ठा बघावी. पडद्यावर कसं मरावं याचा ते घरात गादी टाकून सराव करतात. गादीच्या कापसाचे गोळे झाले म्हणून आक्का, म्हणजे त्यांची बायको, वर्षानुवर्षं कुरकुरते आहे. एकदा इस्लापूरजवळ सहस्रकुंड धबधब्यावर शूटिंग होतं. मी मुद्दाम रजा काढून गेलो. नायकाने गोळी झाडली आणि साडू खडकावर असे कोसळले की मी डोळेच मिटून घेतले. दिग्दर्शक 'कट' म्हणून ओरडला, मंडळी जेवायला निघून गेली. धबधब्याच्या आवाजात साडूंना ते 'कट' ऐकूच गेलं नाही. तापलेल्या खडकावर ते आपले मेलेलेच. मी जाऊन खांदा हलवला, तर ओठ न हलवता म्हणाले, "बाजूला व्हा. फ्रेममध्ये यायलात तुम्ही." जेवणाच्या मंडपात पोचलो तेव्हा भांडी खरवडणं चालू होतं. तिथल्या व्यवस्थापकाला मी नको नको ते बोललो. साडू माझी बाही ओढत म्हणाले, "जाऊ द्या की. मेलेल्या मानसाचं ताट कोन लावून ठेवतंय?"

हेही मी पोटात घातलं असतं. आवाजाची गोष्ट मात्र घालता येत नाही. आजवरच्या एकाही सिनेमात साडूंचा स्वतःचा आवाज नाही. पडद्यावर तोंड त्यांचं हलतं, पण बोलतो दुसराच. मुंबईत स्टुडिओत बसून तो मागाहून आवाज भरतो. कारण काय, तर साडूंचं बोलणं गावंढळ. गुंड कसा, वजनदार वाटला पाहिजे म्हणे. बरं, याच लोकांना एखादा बावळट गडी दाखवून प्रेक्षक हसवायचे असले की आमचीच बोली आठवते. तेव्हा सोलापूरच्या अलीकडे कधी पाऊल न टाकलेला कोणी नट आणतात. तो वाक्यावाक्याला 'लई' घालतो, आणि आम्ही 'हाव' म्हणतो तिथे 'व्हय' म्हणतो. आमचं बोलणं चालतं, आमच्या तोंडून तेवढं चालत नाही. साडूंना कितीदा म्हटलं की भांडा. त्यांचं उत्तर ठरलेलं: "त्यांचं बी बरोबर हाय." हे ऐकलं की माझं टाळकं फिरतं.

कारण घरात माय होती. साडूंची आई. काचबिंदूने तिची दृष्टी गेली ती साडू सिनेमात जायच्याही आधी. गल्लीतल्या बाया येऊन सांगायच्या, तुमचा लेक काल पडद्यावर पाहिला. मायही हौसेने थिएटरात जायची, मान तिरपी करून कान देऊन बसायची आणि तशीच परत यायची. एकदा जेवताना तिने विचारलं, "समदे म्हनतेत तू पिक्चरात हायस. मला तर कधी ऐकू आला न्हाईस. मुक्याचं काम करायलास का रे?" साडू हसले, ताटावरून उठले आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

मग गेल्या वर्षी तो सिनेमा आला. गोष्ट लातूरकडच्याच एका गुंडाची, दिग्दर्शक तरुण. त्याने शब्द दिला, "काका, आवाज तुमचाच ठेवणार." साडू त्याच्या टोळीतले; किरकोळ संवादांखेरीज त्यांना एक मोठा प्रसंग होता. वैऱ्यांनी घर घेरलंय, हे बाहेर पडताना उंबऱ्यातून आईला म्हणतो, "माय, दार लावू नको. आलोच मी." त्यात एवढंच वाक्य. पण साडूंनी ते इतकं घोटलं की मला फोनवर ऐकवायचे, आक्काला ऐकवायचे, म्हशीला ऐकवायचे. मायला नाही. तिला म्हणाले, "थेटरातच ऐक."

लातूरला पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. माय नवं लुगडं नेसून मध्ये बसली, एका बाजूला साडू, दुसऱ्या बाजूला आक्का, मग आम्ही दोघं. साडू पडद्यावर आले, त्यांनी तोंड उघडलं, आणि घशातून घरघरणारा कुणा परक्याचा आवाज थिएटरभर घुमला. माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठलोच होतो. पण दिग्दर्शक मुंबईत, मारणार कुणाला? बायकोने हात धरून खाली बसवलं. साडू समोर बघत होते. मायने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू कवा येनार रे?"

"येतो माय. जरा दम धर."

उंबऱ्याचा प्रसंग आला. पडद्यावरचे साडू म्हातारीकडे वळले. "आई, दार लावू नकोस. मी आलोच," असं तो घरघरता आवाज म्हणाला, आणि नेमक्या त्याच वेळी मायच्या शेजारून, पडद्याकडे तोंड करून, हलक्या आवाजात साडू म्हणाले, "माय, दार लावू नको. आलोच मी." पुढच्या रांगेतला एकजण चिडून मागे वळला. त्याने साडूंचा चेहरा पाहिला, पडद्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुन्हा समोर तोंड केलं. माय खुर्चीत पुढे सरकली होती. पदर तोंडाला लावून ती हसत होती. एवढ्यात पडद्यावर गोळ्या सुटल्या आणि साडू अंगणात कोसळले.

"आता कुठं गेलास?" मायने विचारलं.

"गावाला गेलो, माय. काम निघालं."

खेळ सुटला. पायऱ्या उतरताना मायने साडूंचा दंड धरला होता. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "चांगलं बोललास. पन लई हळू बोललास, बाबा. मागच्या लोकायला ऐकू गेलं नसंल."

"हाव, माय," साडू म्हणाले. "पुढच्या टायमाला मोठ्यानं बोलतो."

मी रिक्षा बघतो म्हणून पुढे झालो. रिक्षा समोरच उभी होती. मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं.