खरा दाणा कुठला

ती दोन्ही तळवे पुढे करायची. प्रत्येकावर संक्रांतीच्या हलव्याचा एकेक पांढरा, काटेरी दाणा. "ओळख बघू, खरा कुठला?"

आणि मी, पुण्यात वाढलेली बाई, दर वेळी फसायचे. तुम्हीही फसला असतात, उगाच हुशारी नको. एक दाणा साखरेचा, दुसरा पॉलिमर क्लेचा, म्हणजे भाजून कडक होणाऱ्या प्लॅस्टिकच्या मातीचा. उजेडात धरला तर तोही साखरेसारखाच आतून दुधी उजळायचा. मी चुकले की ती खुदकन हसायची.

ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात ती माझ्या घराच्या थेट वरच्या मजल्यावर राहायची. नवरा आयटीत, त्याच्या नोकरीमागे आलेली. इथल्या दमट जानेवारीत हलव्याचे दागिने धड टिकत नाहीत, पाणी सुटून चिकट होतात. तिच्या पहिल्या संक्रांतीला हार काळ्या साडीला असा काही चिकटला की साडीच गेली. पुढच्या वर्षी तिने क्ले आणली.

कच्ची असताना ही क्ले मेणासारखी मंद दिसते. ती सुईने दाण्याला एकेक काटा काढायची, ओवायला भोक पाडायची, भाजायची आणि गरम गरम दाणे थेट बर्फाच्या पाण्यात सोडायची. त्याने ते निवळतात म्हणे. जरा जास्त भाजला की दाणा पिवळा पडतो. पिवळे दाणे ती सरळ केरात टाकायची. मी म्हणायचे, अगं, एवढं कोण बघतंय? तर म्हणे, "हलवा बघतोय ना." असली बाई!

क्लेसाठीचा छोटा ओव्हन तिने बाल्कनीत ठेवला होता. त्या वासाने माझं डोकं उठायचं, मी खालून ओरडायचे. मग लाच म्हणून तिळगुळाची वाटी खाली यायची. डेल्फ्टच्या नव्या नवऱ्या, ॲमस्टरडॅमची बाळं, सगळ्यांचे दागिने तीच करायची. डबा हातात देताना न चुकता सांगायची, "खायचं नाही हं, नुसतं घालायचं."

एका वर्षी शहराच्या झुइडओस्ट भागात एका मुलाचं बोरन्हाण होतं. मीही गेले होते. वर्षाचं पोर, काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात बासरी. आईला सगळं सांगितलेलं होतं. पण आजी नुकतीच पुण्याहून आलेली. तिच्या उभ्या जन्मात हलव्याचे दागिने साखरेचेच असत, आणि कौतुक झालं की मोडून खायचेच असत. तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिलाही असेल असं वाटलं.

मुकुट टोचून पोर रडायला लागलं. आजीने त्याला मांडीवर घेतलं, हारातला एक दाणा तोडला आणि त्याच्या तोंडात घातला. "घे माझ्या सोन्या, गोड आहे."

साखर विरघळली असती. हा दाणा घशात अडकला.

ॲम्ब्युलन्स लगेच आली. त्यांनी करायचं ते सगळं केलं. मूल गेलं. याहून वेगळं कसं लिहायचं ते मला येत नाही.

पोलीस आले, ते फार सौम्यपणे बोलत होते. त्यांना एवढंच कळत नव्हतं की आजीने नातवाला गळ्यातला हार का भरवावा. खोलीभर इंजिनिअर, सगळ्यांचं इंग्रजी फर्डं, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी सांगितलं की आमच्याकडे हे दागिने खातात. बोलताना माझं मलाच ते वेडगळ वाटलं.

तिला मीच वर जाऊन सांगितलं. तिने विचारलं, "पिवळा होता का गं?"

मी नाही म्हटलं.

"पिवळा असता तर आजींनी ओळखला असता," ती म्हणाली.

तिला कुणी दोष दिला नाही. मुलाच्या आईने फोन करून तसं सांगितलंसुद्धा. परत जाण्याआधी आजी आल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "हुबेहूब केलं होतंस गं पोरी." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर ओव्हन पेटला नाही. ज्या वासाने माझं डोकं उठायचं, त्याचीच मी वाट बघायला लागले. वर पावलं वाजायची, तेवढंच. मग तिच्या नवऱ्याने भारतात नोकरी बघितली.

निघायच्या दिवशी सामान खाली गेल्यावर ती माझ्या दारात आली आणि एकच तळवा पुढे केला. एकच दाणा. मी "ओळख बघू"ची वाट बघत राहिले. तिने काही विचारलं नाही. दाणा ओढणीच्या टोकात धरला, लहानपणी मैत्रिणीला द्यायचो तसा चिमणीच्या दातांनी फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"खरा आहे. घे."

मी घेतला. खाली टॅक्सी थांबली होती, नवरा हाका मारत होता. ती हलेना. माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"विरघळला?"

मी तोंड उघडून दाखवलं. तेव्हा कुठे ती जिना उतरायला लागली.