पाठमोरी व्हर्ना

लोन पाइनच्या वृद्धाश्रमात दुपारी चारला टीव्हीवर काउबॉयच्या जुन्या मालिका लागत. काळ्यापांढऱ्या धुळीत घोडे उधळत, आणि समोरच्या खुर्च्यांतली म्हातारी माणसं नकळत आपापल्या लहानपणात उतरत. कुणाला बापाच्या पाइपचा वास येई, कुणाला आईच्या ॲपल पायचा.

एक्क्याऐंशी वर्षांची व्हर्ना स्टकी सगळ्यांच्या मागे बसे. साठ वर्षांपूर्वी याच गावामागच्या खडकांत या मालिकांचं चित्रीकरण व्हायचं. नायिका गोड हसायची; घोडा दौडवायची वेळ आली की तिचे कपडे चढवून व्हर्ना खोगिरावर बसायची. कॅमेऱ्याकडे कायम पाठ. पडायचं, गडगडायचं, धूळ झटकून उठायचं. दोनदा खांदा निखळला, पण पडद्यावर नाव कधी आलं नाही. पुढे तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली. घोडदौडीचे ते दिवस कुणाला सांगावेत असं तिला कधी वाटलंच नाही.

पुढच्या खुर्चीतला डेलबर्ट निवृत्त पोस्टमन होता. त्या दिवशी पडद्यावर घोडा दौडवणाऱ्या नायिकेकडे बघत तो सुस्कारा टाकून म्हणाला, "सात वर्षांचा होतो, तेव्हापासून जीव जडलाय हिच्यावर. काय दौड आहे बघा!"

"दौड माझी आहे," व्हर्नाच्या तोंडून निसटलं.

"काहीतरीच काय! डोळ्यांत औषध घातलं नाही वाटतं आज?"

"बघा तर खरं. ओढ्यापाशी घोडी बुजेल, टोपी उडेल. उडायची नव्हती ती. मी तशीच पुढे गेले."

घोडी बुजली. टोपी उडाली. केस मोकळे सुटले, आणि पाठमोरी पोर पाणी उडवत ओढ्यापार गेली.

डेलबर्टनं खुर्ची सावकाश वळवली. "म्हणजे साठ वर्षं मी भलत्याच बाईवर भाळलो?"

"अर्धाच चुकलात. समोरून ती, पाठीमागून मी."

तो खो खो हसला. मग एकदम हळू आवाजात विचारता झाला, "घोडीचं नाव काय होतं हो?"

असं आजवर तिला कुणीच विचारलं नव्हतं. व्हर्नानं डोळे मिटले.

"जुनिपर. पहाटे थंडीत तिच्या मानेला गाल लावून उभी राहायचे मी. भट्टीतून काढलेल्या पावासारखी ऊब असायची तिला..."

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. संध्याकाळच्या जेवणाची घंटा झाली, तरी कोणी उठेना. पलीकडे टेबलावर सूप निवत राहिलं.