गळ्यावरचे हात

देवावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की कुणी जन्माचा भाविक माणूस बोलतोय. तरुणपणी मी फौजेत होतो. बर्फातल्या लढाईत माळशिरसकडचा माझा जोडीदार भानुदास मांडीत गोळी लागून शेजारीच कोसळला. कमरेच्या पट्ट्याने मी त्याची मांडी आवळून धरली आणि आईने लहानपणी शिकवलेलं दत्ताचं नाव घेत राहिलो. मदत वर पोचली तेव्हा तो गेलेला होता. पुढे माझ्याही गुडघ्यात छर्रे घुसले, मला घरी पाठवलं, आणि देवाशी माझं बोलणं बंद झालं ते झालंच. घरात कुणी त्याच्या कृपेची गोष्ट काढली की मी उठून बाहेर जायचो.

परत आल्यावर बी.एड. केलं आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. आता तिथेच मुख्याध्यापक आहे. यंत्रमागावर टॉवेल, चादरी विणणाऱ्यांची पोरं आमच्याकडे शिकतात. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी दखनी, शाळेत सगळे मराठी. मी फौजेत साधा जवान होतो, पण पोरांनी मला परस्पर बढती देऊन ‘मेजर सर’ करून टाकलं. आजारी असलो तर वर्गच्या वर्ग घरी बघायला येतो. मलाही त्यांच्याशिवाय करमत नाही.

शाळेचं फाटक थेट मोठ्या रस्त्यावर उघडतं. इथे गतिरोधक करा म्हणून मी किती वर्षं हेलपाटे घातले. दर वेळी तेच उत्तर, “बघू सर, वरून मंजुरी यायला पाहिजे.” शेवटच्या वेळी मी टेबलावर मूठ आपटली होती. “पोरगं मेल्यावर मंजूर करणार काय?” असं ओरडून आलो होतो. आणि गेल्या हिवाळ्यात, शाळा सुटताना, माझे शब्द खरे व्हायला आले.

दहावीतली रेणुका सायकलवरून फाटकाबाहेर पडली. हसरी पोरगी. जाताना रोज माझ्या खोलीच्या खिडकीशी थांबून “सर, येते” म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली होती. पाठोपाठ ब्रेकचा आवाज आला आणि पोरं किंचाळली. मी धावत बाहेर आलो. टॉवेलच्या गाठी भरलेला टेम्पो रस्त्यात आडवा उभा होता, चाकाखाली सायकल आणि पलीकडे रेणुका. ड्रायव्हरच्या हातात मोबाइल अजून तसाच होता. तो मी पाहिला, आणि मग दुसरं काही पाहिलंच नाही. त्याला खाली ओढला, गाडीला टेकवला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. हात तयारच होते, फौजेने केलेले. लोक “मारा, सोडू नका” म्हणत होते. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पोरगी नव्हती. त्याला मारायचं, एवढंच होतं.

तेवढ्यात माझ्या मनगटावर कुणीतरी हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला. वळून पाहिलं तर बुरख्यातली एक म्हातारी बाई. तिची ओढणी रक्ताने भिजलेली होती. ती शांतपणे म्हणाली, “साब, हात उसके गले पे नक्को. बच्ची के पाँव पे रखो.”

माझी बोटं आपोआप सुटली. रेणुकाच्या मांडीतून रक्त उसळत होतं. त्या बाईने ओढणी दाबून ते थोडंफार अडवलेलं. असल्या जखमेला काय करायचं हे तिथल्या गर्दीत फक्त मला माहीत होतं, आणि मी माणूस मारत उभा होतो! पट्टा काढला, मांडीवर आवळला आणि काटकी अडकवून पीळ दिला. फोन करून झाले, पण ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता. तेव्हा तो ड्रायव्हर गळा चोळत पुढे आला. “सर, गाडी हाय की. मी नेतो. मारायचं आसंल तर मागनं मारा.”

माझा पट्टा मी सोडू शकत नव्हतो. गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं. ज्याच्यामुळे पोरगी पडली त्याच्याच हवाली तिचा जीव करायचा होता. “चल,” मी म्हणालो. पोरांनी हाताला हात धरून गर्दी मागे रेटली. गाठींवर रेणुकाला आडवी घेऊन मी बसलो, आणि कित्येक वर्षांनी तोंडातून दत्ताचं नाव निघालं. भक्तीने नाही. दात-ओठ खाऊन. “हिला नेलंस तर बघ,” असं मी त्याला दटावत होतो.

रेणुका वाचली. थोडं लंगडते, पण परीक्षा देऊन पास झाली. पट्ट्यामुळे वाचली, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडलो. तो आनंद नव्हता. मग माझ्या भानुदासला का नाही, हा संताप होता.

त्या बाईला मी खूप शोधलं. ती कुंभारी गावाकडच्या रिक्षात बसली असं कुणी म्हणालं, म्हणून तिथेही जाऊन आलो. सापडली नाही. बायको म्हणते, दत्तगुरूच आले होते. मी वाद घालत नाही. मी एवढंच म्हणतो, बाई होती, आणि वेळेवर होती.

पोलिसांना मी दोन्ही सांगितलं. तो मोबाइलवर बोलत होता हे, आणि पळून न जाता त्यानेच पोरीला दवाखान्यात पोचवलं हेही. पुढच्या आठवड्यात पालकांना घेऊन भर रस्त्यात बसलो आणि गतिरोधक होईपर्यंत उठलो नाही. तो राग मला सोडायचा नव्हता, आणि आजही सोडायचा नाही.

शरण जायचं नाही, हे फौजेत हाडीमाशी भिनवलेलं. टेम्पोच्या त्या गाठींवर मात्र मला दुसरा मार्गच नव्हता. हातात होतं तेवढं घट्ट धरलं, उरलेलं दुसऱ्यावर सोपवलं. मला समजलेली शरणागती एवढीच. मन शांत झालंय असं खोटं कशाला सांगू? आजही पहाटे उठतो आणि देवाशी कडाकडा भांडतो. उत्तर येत नाही. पण ज्याच्यावर सगळा राग काढावा आणि ज्याने तो मुकाट्याने ऐकून घ्यावा, असं कुणीतरी आहे. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.